एकाने एकाला सांगावे



मंडळ्यांना भेटी देताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "या तीन महिन्यांत तुमच्याकडे किती जण प्रभूकडे आले?" प्रश्न प्रेमापोटी असतो आणि विचारणाऱ्याने आमच्यासाठी मनापासून प्रार्थना केलेली असते. पण त्यामागे बहुधा एक समजूत असते. पाड्यावर राहणाऱ्या सेवकाने सुवार्ता सांगावी आणि मंडळीने दान देऊन ते काम चालू ठेवावे, अशी ती वाटणी. आपल्या दानाबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. तरी साक्ष देण्याचे काम असे वाटून देता येत नाही. वैयक्तिक सुवार्ताकार्य म्हणजे काय आणि ते कसे करावे, हे या लेखात थोडक्यात मांडत आहे.

शास्त्र काय दाखवते

योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आंद्रिया प्रभूला भेटतो आणि आधी आपल्या भावाला, शिमोनाला, शोधून प्रभूकडे आणतो. पुढे फिलिप्प नथनेलाला सांगतो. नथनेल शंका काढतो, तेव्हा फिलिप्प वाद घालत बसत नाही. येऊन स्वतः पाहा, एवढेच म्हणतो. मार्काच्या पाचव्या अध्यायात भुतांपासून मुक्त झालेला मनुष्य प्रभूबरोबर जायला निघतो, पण प्रभू त्याला परत घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो. त्याचे शिक्षण झालेले नव्हते. आपल्यासाठी प्रभूने काय केले, एवढेच त्याला सांगायचे होते.

शमरोनी स्त्रीशी बोलताना तर प्रभू सुरुवातीला काही देत नाही, मागतो. दमून विहिरीपाशी बसलेला असताना तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. आपण मात्र गरिबाकडे जाताना नेहमी देणारे म्हणूनच जातो. पाड्यावर कोणी नागलीची भाकर आणि तांब्याभर पाणी पुढे केले, की मी ते घेतो. ज्याच्या घरचे आपण खाल्ले, तो मग बरोबरीच्या नात्याने बोलतो, आपल्याला प्रश्नही विचारतो.

आगगाडीतला सहप्रवासी

आपल्या मराठी मंडळीतले एक उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला जात असताना एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरून ठेवले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांची भजने आपण आजही उपासनेत गातो, त्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचवण्यात असा एका प्रवाशाचा वाटा होता.  अशी भेट अहवालाच्या आकड्यात दिसत नाही.

याच घरातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, म्हणजे पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी. मधल्या काळातला त्यांचा मनस्ताप 'स्मृतिचित्रे'त आलेला आहे. त्या आल्या त्या स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. आपल्या घरातल्या माणसालाही इतका वेळ द्यावा लागतो, मग परक्या माणसाकडून पहिल्याच भेटीत होकाराची अपेक्षा आपण कशी धरावी?

पाड्यावर साक्ष कशी पसरते

मी ज्या भागात जातो, तिथे दिवाळीनंतर पाडे ओस पडू लागतात. माणसे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि होळीसाठी परततात. अशाच एका घरातला माणूस दोन हंगामांपूर्वी विश्वासात आला. आधी त्याची उचल दारूत जाई आणि ती फेडण्यासाठी नवराबायको हंगामभर राबत. यंदा त्या पैशांतून घरावर नवे पत्रे आले. शेजाऱ्याने विचारले, "दादा, औंदा पत्रे कसे काय जमले?" त्याने आपल्या मावची बोलीत सगळे सांगितले. मी तिथे नव्हतो. महिन्याभराने तोच शेजारी प्रार्थनेला येऊन मागे बसला, तेव्हा मला हे कळले.

मी कितीही चांगले बोललो तरी माझी मराठी त्या शेजाऱ्याच्या काळजापर्यंत इतकी पोहोचली नसती. मावची, पावरी, कातकरी या बोलींत माणसे रडतात, भांडतात आणि लेकराला निजवतात. मेळघाटातली कोरकू तर मराठीच्या कुळातलीही नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे. म्हणून पाड्यावरचा खरा सुवार्तिक पाड्यावरचाच असतो. त्याला उभे करणे, त्याला वचन शिकवणे आणि मग मागे सरणे, हे आम्हा सेवकांचे काम.

आमिष नको, भीतीही नको

याविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे. आपल्या घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे; ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. विश्वासाच्या दृष्टीनेही हे आपल्याला जड जाऊ नये. मन पालटणे पवित्र आत्म्याचे काम आहे, ते आपल्या हातात कधीच नव्हते.

म्हणून औषधाच्या रांगेत आम्ही उपदेश करत नाही. ज्याला गोळ्या हव्यात त्याला गोळ्या मिळतात, तो भगताकडे जाऊन आलेला असो वा नसो. आईबापांच्या संमतीवाचून मुलांना प्रार्थनेला बसवत नाही. सिकलसेलच्या रुग्णासाठी प्रार्थना करतो, पण सरकारी दवाखान्यातले औषध बंद करू नकोस, हेही त्याला बजावतो. गावदेवाची किंवा कोणाच्या पूजेची टिंगल आमच्या तोंडून निघू नये, याची काळजी घेतो. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, असे पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शिकवतो. पोटासाठी नाव लावलेला माणूस मदत थांबली की निघून जातो, आणि मागे राहणाऱ्या खऱ्या विश्वासणाऱ्याला सगळ्या गावाचा संशय सोसावा लागतो. ही किंमत आपण नव्हे, तो भरतो.

आपल्याला काय करता येईल

आता आपल्याविषयी. आपण पुण्यात, नाशकात किंवा मुंबईत राहत असाल, तरी घरकाम करणाऱ्या ताई, कचेरीतले सहकारी, जिन्यावर भेटणारे शेजारी आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत.

पहिले, यांपैकी एकाच माणसाचे नाव घेऊन रोज प्रार्थना करा. दुसरे, त्याचे ऐका. त्याच्या घरातले आजारपण, मुलीची परीक्षा, कर्जाचा हप्ता आपल्याला माहीत नसेल, तर बोलायची घाई करू नका. तिसरे, स्वतःची साक्ष साध्या शब्दांत सांगता येते का, ते पाहा. 'तारण', 'नवा जन्म', 'कृपा' हे शब्द आपल्या कानांना ओळखीचे आहेत. बाहेरच्या माणसाला त्यांचा अर्थ लागतोच असे नाही. प्रभू येशूने माझा कोणता राग, कोणती भीती, कोणते व्यसन दूर केले, हे कोणालाही समजते. चौथे, त्याने विचारले तर सांगा, नको म्हटले तर थांबा आणि मैत्री तशीच ठेवा. ऐकण्यासाठी केलेली मैत्री नकारानंतर तुटली, तर ती मैत्री नव्हती असेच तो समजेल आणि ते बरोबरच असेल.

पौलाने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली, असे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. म्हणून "किती जण आले?" या प्रश्नाला मी आकड्याने उत्तर देत नाही. पुढच्या भेटीत मात्र मीच आपल्याला विचारीन, की आपण कोणासाठी प्रार्थना करीत आहात.

प्रार्थनेचे विषय : ऊसतोडीवर गेलेल्या विश्वासी कुटुंबांची राखण व्हावी. आपल्याच बोलीत वचन सांगणारे तरुण उभे राहावेत. विश्वासामुळे घरचा विरोध सोसणाऱ्या भगिनींना धीर मिळावा. आणि आपणा प्रत्येकाला बोलण्यासाठी एक माणूस व योग्य वेळ मिळावी.

प्रभूच्या सेवेत,
आपला एक सहकारी