टाळ्यांपलीकडचा विकास

निवडणूक जवळ आली की सभेत ‘विकासदर’ हा शब्द हमखास कानावर पडतो. आपण ‘हे पुरुषांचे विषय’ म्हणून कुकर लावायला उठतो. पण मैत्रिणींनो, मला वाटतं, हा हिशेब आपल्यालाच जास्त चांगला कळेल.

पोस्टातली ठेव किती वर्षांत दुप्पट होईल? ७२ ला व्याजदराने भागायचं, की झालं! देशाचंही तसंच. १९५० ते १९८० या काळात आपलं राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सरासरी ३.५ टक्क्यांच्या आसपास वाढलं आणि लोकसंख्या २ टक्क्यांहून जास्त. माणशी वाढ उरली दीड टक्क्याच्याही आत. या गतीने उत्पन्न दुप्पट व्हायला जवळजवळ ५० वर्षं! ‘गरिबी हटाओ’ची घोषणा गाजली ती याच काळात, १९७१ साली. घोषणेने दर काही वाढला नाही.

मग कशाने वाढतो? जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरची परवान्याची सक्ती गेली, कारखाना काढणं सोपं झालं. हे एक कारण. पण तेवढ्याने भागत नाही. २००३-०४ मध्ये दर ८ टक्क्यांच्या घरात होता, ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती झळकत होत्या. तरी २००४ मध्ये मतदारांनी सरकार बदललं. आकडा चमकला, पण आपल्या दारात आला नाही, असं अनेकांना वाटलं.

दारात येणारा विकास साधा असतो. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, असं अभ्यासकांना आढळलं. शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त! आपल्या महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर बायकांच्या हाती मजुरी आली, शिवाय बंधारे आणि रस्तेही झाले. २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला.

म्हणून उमेदवार दारी आले, की मी टक्के विचारत नाही. विचारते, गावातून कॉलेजला जाणारी एसटी वेळेवर येईल का? पिठाच्या गिरणीला दिवसा वीज मिळेल का? पाळणाघर होईल का? तुम्हीही विचारा. उत्तर देताना जो अडखळेल, त्याच्या भाषणाला टाळ्या जपूनच वाजवा!