उजवीकडे बघू की डावीकडे?

मुलांनो, सांगा पाहू, रस्ता ओलांडताना आधी कुठे बघायचं? उजवीकडे! शाब्बास. आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून पहिली गाडी उजवीकडून येते.

पण आपल्या श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या कितीतरी मुलांचे वडील दुबई, कुवेतला नोकरीला असतात. सुट्टीत मुलं त्यांच्याकडे जातात. तिथे सारंच उलटं! वाहनं उजव्या बाजूने धावतात, स्टिअरिंग डावीकडे असतं आणि पहिली गाडी येते डावीकडून. सवयीने उजवीकडे बघून पाऊल टाकलं, तर घातच व्हायचा. म्हणून तिथे आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघायचं बरं का!

मोठ्यांचीही हीच गत. सर्कलला वळसा घालताना आपण ते उजव्या हाताला ठेवतो, तिथे डाव्या हाताला ठेवायचं. पाहुणे म्हणून जाऊन मोटार चालवायची असेल, तर आपलं लायसन आणि सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. आपल्या या भागातल्या लोकांना तो पेणच्या आरटीओतून मिळतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. दुबईत कायम राहणाऱ्या आपल्या लोकांना मात्र तिथलाच परवाना काढावा लागतो.

आणि विमा? आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर त्याला भरपाई मिळावी, म्हणून हा विमा. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. पण सीमा ओलांडली की तो आपोआप सोबत येत नाही. इथली गाडी नेपाळ, भूतानला न्यायची तर जादा पैसे भरून तो वाढवून घ्यावा लागतो. दुबईची गाडी ओमानला न्यायची तरी तेच. विम्यात ओमान नसेल, तर तेवढ्या दिवसांचा तात्पुरता विमा काढावा लागतो. भाड्याच्या गाडीला विमा असतो, तरी नुकसानीचा काही भाग आपल्याच खिशातून जाऊ शकतो. म्हणून सही करण्याआधी कागद नीट वाचावा.

परदेश राहू द्या, आज एवढं करा: घरच्या गाडीच्या किंवा स्कूटरच्या विम्याची मुदत कधी संपते, ते आईबाबांना विचारा. तारीख उलटून गेली असेल, तर विमा भरेपर्यंत गाडी बाहेर काढू नका म्हणावं!