निकालाचा तक्ता कसा वाचावा? रत्नागिरीच्या पाच जागा

नाव आणि वस्तू यांचं नातं काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आज त्याला उदाहरण घेऊ आपल्याच जिल्ह्याचं.

रत्नागिरी जिल्ह्यात विधानसभेच्या पाच जागा. २०१९ साली शिवसेनेला चार आणि राष्ट्रवादीला एक मिळाली. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला, तेव्हा शिवसेनेला तीन (दापोली, रत्नागिरी, राजापूर), राष्ट्रवादीला चिपळूण आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला गुहागर. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की आपण म्हणतो, शिवसेनेची एक जागा घटली. वजाबाकी बरोबर आहे, पण वजा कशातून केलं?

मधल्या काळात, २०२२ च्या जूनमध्ये, शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. वर्षभरानं राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेलं. म्हणजे तक्त्यातलं नाव तेच राहिलं, नावाखालची वस्तू बदलली. मिलिंद राजाला नागसेनानं विचारलं होतं, रथ म्हणजे नेमकं काय? चाक, आस की जू? आपणही विचारू या, पक्ष म्हणजे काय? नाव, चिन्ह की माणसं?

आता पक्षाचा रकाना झाकून फक्त उमेदवारांची नावं वाचा. योगेश कदम, भास्कर जाधव, शेखर निकम, उदय सामंत: पाचांपैकी चार जागांवर २०१९ चेच आमदार परत आले. मग मतदार माणसाला मत देतो, असं म्हणायचं का? थोडं थांबा. रत्नागिरीत मताधिक्य चाळीस हजारांवर गेलं, तर गुहागरात ते तीन हजारांच्याही आत राहिलं. माणसाचं वजन सगळीकडे सारखं पडत नाही.

राजापूरचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिथे मशाल चिन्हावर लढलेले राजन साळवी हरले, धनुष्यबाणावरचे किरण सामंत जिंकले. आणि तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, साळवीही शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. ज्यांनी मशालीचं बटण दाबलं, त्यांच्या मताचं काय झालं? उमेदवार समोरच्या बाजूला गेला, मत मात्र मोजणीत जिथल्या तिथे राहिलं.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामागे एक गृहीत आहे, की आमदार पक्षाच्या बळावर निवडून येतो. पण हा कायदा निवडून आलेल्यांना बांधतो. पराभूत उमेदवाराला तो लागूच होत नाही.

म्हणून तक्ता वाचताना ‘कोण जिंकलं’ एवढ्यावर थांबू नये. पुढची पाच वर्षं जाब विचारायचा कोणाला, चिन्हाला की माणसाला, हे आपलं आपण ठरवून ठेवावं. ते ठरलेलं नसेल, तर निकाल पाठ असूनही आपल्याला तो समजलेला नसतो.