तारीख राहते, राग जातो

सकाळची बदलापूर लोकल. अंबरनाथ-उल्हासनगरहून उलट्या गाडीने येऊन, ‘रिटर्न’ मारून खिडक्या धरून बसलेले एकीकडे, आणि बदलापूरच्या फलाटावर ताटकळलेले दुसरीकडे. शब्दाला शब्द लागतो. कोण काय बोललं ते त्या दिवशी ऑफिसपर्यंत कानात घुमत राहतं. आठवड्याने ‘काहीतरी वाजलं होतं’ एवढंच उरतं, आणि दिवाळीनंतर त्याच माणसाच्या डब्यातली चकली आपण खातो. ‘जाऊ दे, सोडून दिलं मी,’ असं वर घरी सांगतो. मला संशय आहे की बहुतेक वेळा आपण काहीच सोडलेलं नसतं. ते आपोआप गळून पडलेलं असतं, आणि मोठेपणा मात्र आपण आपल्या नावावर जमा करून घेतो.

पण ज्याच्या मनातून काहीच गळत नाही, त्याने काय करायचं? वीस वर्षांपूर्वीचा तो मंगळवार, तो टोमणा, बोलणाऱ्याच्या शर्टाचा रंग, तेव्हा पोटात पडलेला खड्डा, सगळं आत्ता घडल्यासारखं समोर येत असेल, तर असा माणूस कुणाला माफ कसा करणार?

अशी माणसं खरोखर आहेत. २००० साली कॅलिफोर्नियातल्या जिल प्राइस या चौतिशीतल्या बाईंनी अर्व्हाइनच्या विद्यापीठातले स्मृतिशास्त्रज्ञ जेम्स मॅगॉ यांना पत्र लिहून कळवलं की, कोणतीही तारीख दिसली की तो दिवस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, हे थांबत नाही आणि याने आपण थकून गेलो आहोत. मॅगॉंनी त्यांची परीक्षा घेतली. १९८० ते २००३ या चोवीस वर्षांतल्या ईस्टरच्या तारखा लिहा, असं त्यांना अचानक सांगितलं. ईस्टर दरवर्षी सरकतो. गुढीपाडव्याच्या चोवीस इंग्रजी तारखा कुणी आपल्याला एका दमात विचाराव्यात, तसाच हा प्रकार. त्यातून जिल ज्यू, म्हणजे हा सण त्यांच्या घरचाही नव्हे. त्यांनी तेवीस तारखा बरोबर लिहिल्या, एक दोन दिवसांनी चुकली. शिवाय त्या त्या दिवशी आपण काय केलं तेही न विचारता लिहून दिलं, आणि त्यांच्या रोजनिशीशी ते जुळलं.

गंमत म्हणजे भावना आठवणीवर शिक्का कसा मारते, हाच मॅगॉंच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय होता. १९९४ मध्ये लॅरी केहिल आणि मॅगॉ यांनी लोकांना चित्रांसह एक गोष्ट ऐकवली. त्यात रस्त्यात एका मुलाला अपघात होतो आणि त्याला इस्पितळात नेतात. आठवड्याने विचारलं, तर अपघाताचा भाग लोकांना सर्वांत ठळक आठवत होता. पण काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे रक्तदाबासाठी देतात ती गोळी, दिली होती. तिने अ‍ॅड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा परिणाम अडवला जातो. त्यांच्या आठवणीत अपघाताला काही खास जागा नव्हती. अपमान का चिकटतो, याचं उत्तर यात आहे. छाती धडधडते तेव्हा शरीरच मेंदूला सांगत असतं, हे जपून ठेव.

जिलसारखी आणखी माणसं पुढे सापडली, आणि २०१६ च्या एका अभ्यासात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट आढळली. आठवड्यापूर्वी काय घडलं हे त्यांनाही साधारण तुमच्या-माझ्याइतकंच आठवतं. फरक पडतो महिन्याने, वर्षाने, दहा वर्षांनी. म्हणजे ही माणसं जास्त टिपत नाहीत, कमी विसरतात. पाठांतरातही ती काही विशेष नसतात, जिलना शाळेत घोकंपट्टी जड जायची. एक धागा मात्र त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसतो. त्यांच्यात काहीशी अतिकाटेकोर वृत्ती असते, वस्तू आणि दिवस रांगेत लावून पुन्हा पुन्हा पाहण्याची. आपल्याकडे याला उगाळणं म्हणतात. क्षमेवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनाही हेच दिसतं: झालेला अन्याय जितका उगाळावा, तितकी माफी लांबते.

आपल्यासारख्यांना निसर्गाने आणखी एक सवलत दिली आहे. कटू आठवणींतली भावना गोड आठवणींतल्या भावनेपेक्षा लवकर फिकी पडते. प्रसंग आठवतो, पण झोंबत नाही. जिल प्राइसना ही सवलत फारशी मिळाली नाही. जुना दिवस येतो तो त्या दिवसाच्या दुःखासकट, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे.

मग विसरल्याशिवाय क्षमा नाहीच का? इथे दोन अभ्यास एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, आणि मला ते आवडतं. स्कॉटलंडमध्ये २०१४ साली झालेल्या प्रयोगात दिसलं की, ज्या अपराधांना माणूस मनाने क्षमा करतो, त्यांचे तपशील ‘विसरा’ म्हटल्यावर त्याला सहज बाजूला सारता येतात. म्हणजे आधी क्षमा आणि मग विसर, आपण समजतो त्याच्या उलट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अलीकडच्या संशोधनात मात्र माफ केलेले प्रसंगही लोकांना तितकेच स्पष्ट आठवत होते. तपशील जागेवर होते, फक्त त्यांतली आग उतरली होती. दुसरं निरीक्षण मला जास्त पटतं, कारण न विसरणाऱ्यांनाही त्यात वाट आहे. विसर पाडणं आपल्या हातात फारसं नसतं. आग उतरवणं थोडंफार असतं.

अशा न विसरणाऱ्यांचा एक नमुना मुंबईतही होऊन गेला. १८८७ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमद् राजचंद्र या एकोणीस वर्षांच्या जैन तरुणाने शतावधान करून दाखवलं. एकाच वेळी शंभर गोष्टींकडे लक्ष ठेवायचं आणि शेवटी सगळ्या बिनचूक सांगायच्या. चार वर्षांनी विलायतेहून परतलेल्या गांधींनी स्वतःला ठाऊक असलेल्या युरोपीय भाषांतले शब्द ऐकवले, तर राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. तोवर त्यांनी जाहीर प्रयोग सोडूनही दिले होते. प्रसिद्धी पायाशी असताना हे करणारा माणूस विरळाच. त्यांच्या ‘मोक्षमाळे’त क्षमापनेवर स्वतंत्र पाठ आहे. जैनांच्या क्षमापनेत विसरणं अपेक्षितच नाही. वर्षभरातले दोष आठवून आठवून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायचं असतं. फक्त ते दोष समोरच्याचे नसतात, आपले असतात.

हे झालं एकेकट्या माणसाचं. लाखभर माणसांची परीक्षा आपल्याच रेल्वेमार्गावर झाली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बराकी उभ्या राहिल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून बोटीने मुंबईत उतरलेल्या जवळपास लाखभर सिंध्यांना तिथे आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पण आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात आणि पाटीवर बराकीचा नंबर असतो. विसरायचं ठरवलं, तरी पोस्टमन आठवण करून देणार!

पंजाब आणि बंगालसारखी सिंधची वाटणी झाली नव्हती. अख्खा प्रांत पलीकडे गेला, त्यामुळे ‘आपला अर्धा’ म्हणावं असंही काही उरलं नाही. तरीही सिंधी निर्वासितांची नोंदवून ठेवलेली कथनं वाचताना थबकायला होतं. ६ जानेवारी १९४८ ची कराचीतली दंगल, घाईने सोडलेलं घर, जहाजावरची गर्दी हे सगळं तपशीलवार येतं, आणि त्याच दमात मुसलमान शेजाऱ्यांविषयीचा जिव्हाळाही येतो. शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्याची आठवण निघते, लाल शाहबाज कलंदराच्या दर्ग्याची निघते. सर्वांचंच असं होतं असं नाही, काहींचा सल अखेरपर्यंत गेला नाही. पण तपशील भरपूर आणि राग मोजका, असं जेव्हा दिसतं तेव्हा त्यामागे मला एक साधं कारण वाटतं. पूर्ण आठवणीत दंगल करणाऱ्यांसोबत शेजारीही असतो. आठवण तुटकी झाली, तर शेजारी आधी गळतो आणि दंगल उरते.

आठवण किती सहज बदलते, हे प्रयोगशाळेनेही दाखवलं आहे. २०१३ मध्ये जिलसारख्या अचाट स्मृतीच्या माणसांना मुद्दाम दिशाभूल करणाऱ्या चाचण्या दिल्या, तर न घडलेल्या गोष्टी ‘आठवण्यात’ तीही सर्वसामान्यांइतकीच फसली. ज्यांची स्मृती पोलादी, त्यांचंही असं, मग ऐकीव गोष्टीची काय कथा? ज्यांनी सिंध पाहिलाच नाही अशा नातवंडा-पतवंडांच्या बोलण्यात कधी कधी आजोबांपेक्षा जास्त धार जाणवते, ती यामुळेच असावी. त्यांच्याकडे आलेल्या रागाला गल्ली नाही, ऋतू नाही, पलीकडच्या दारातलं कुणी नाही. माफ करायचं म्हटलं तरी समोर माणूस हवा, तो कुठून आणणार?

अमेरिकेतल्या बर्कलीतून सुरू झालेलं ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ फाळणी पाहिलेल्या माणसांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित करतं. तिथे केवळ पळापळीचं विचारत नाहीत. त्याआधीचं घर कसं होतं, सण कसे व्हायचे, आसपास कोण राहायचं, हेही विचारतात.