निघोजचे रांजणखळगे पाहायला जाण्यापूर्वी

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनची चित्रे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. ॲरिझोना राज्याच्या कोरड्या पठारात कोलोरॅडो नदीने कोरलेली ही घळई 446 किलोमीटर लांब असून काही ठिकाणी 1,800 मीटरपेक्षाही खोल आहे. आपला सिंहगड पायथ्यापासून उचलून तिच्या तळाशी ठेवला आणि त्याच्यावर दुसरा सिंहगड ठेवला, तरी त्याचा माथा काठापर्यंत पोहोचणार नाही! 1919 साली या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान झाले.

आता एक कोडे पाहा. या घळईच्या दक्षिण काठावर वर्षाकाठी जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस पडतो, तळाशी तर त्याहूनही कमी. पुणे शहरात याच्या दीडपटीहून अधिक पाऊस पडतो. मग एवढा खडक कापायला पाणी आले कोठून? उत्तर असे, की ते तेथे पडलेलेच नाही. शेकडो किलोमीटर दूर रॉकी पर्वतावर साचलेले बर्फ वितळते आणि ते पाणी घेऊन कोलोरॅडो या वैराण मुलखातून वाहते. नदी परमुलखातल्या पाण्यावर खोल जाते; काठावर मात्र पाऊस कमी, म्हणून काठ फारसे झिजत नाहीत आणि कडे उभेच्या उभे राहतात.

असाच प्रकार लहान प्रमाणावर पाहायचा असेल तर पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल असे ठिकाण आहे. ते म्हणजे कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे. हे गाव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात आहे. नदीच्या अलीकडच्या काठावर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आहे. पुणे-नगर रस्त्याने शिरूरपर्यंत जाऊन तेथून आत वळावे लागते. एकूण अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. कोणी या जागेला ‘महाराष्ट्राचे ग्रँड कॅन्यन’ म्हणतात, पण मला ते पटत नाही. ग्रँड कॅन्यनमध्ये जे दिसत नाही ते येथे हाताच्या अंतरावर दिसते, तेव्हा उसन्या नावाची गरज काय?

पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका. तेथे वर्षाला पाऊस पडतो पाचशे मिलिमीटरच्या आसपास. बाजरी, ज्वारी आणि माळरान. पण कुकडी उगम पावते ती जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर. तेथे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर कोसळलेले पाणी लोंढ्याने पूर्वेकडे धावते आणि ज्या मुलखात आभाळ कोरडे असते तेथील खडक कापते. कोलोरॅडोची गोष्टच, पण आपल्या दारातली.

कापते म्हणजे नेमके काय करते? येथील खडक काळा बेसाल्ट, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची लहान लहान पोकळ्यांच्या रूपाने जागा राहते. अशा एखाद्या भेगेपाशी किंवा खोलगट जागी पाण्याचा भोवरा तयार होतो. भोवऱ्यात गोटे आणि वाळू सापडली, की ती गरगर फिरू लागते आणि तळ व बाजू खरवडू लागते. जात्याची खालची तळी स्थिर आणि वरची फिरती, तसेच हे. फक्त येथे खुंटा धरून फिरवणारा हात पाण्याचा. गोटे स्वतःही झिजून गुळगुळीत होतात, संपतात, पुढच्या पुरात नवे येतात. खळगा खोल होत जातो आणि त्याला रांजणाचा आकार येतो: तोंड लहान, पोट मोठे. शेजारशेजारचे दोन रांजण वाढत वाढत एकमेकांना भिडतात, मधली भिंत पातळ होऊन फुटते, आणि अशा फुटलेल्या रांजणांची रांग म्हणजेच घळई. भूगोलाच्या पुस्तकात ‘रांजणखळगे’ आणि ‘घळई’ या दोन वेगळ्या आकृत्या असतात. निघोजला उभे राहिले म्हणजे कळते, की दुसरी पहिलीतूनच जन्मली आहे.

यातले बहुतेक काम पुराच्या मोजक्या दिवसांत होते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो सरकवू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचे वजन दुप्पट होत नाही, ते सुमारे चौसष्ट पट होते! (दोनचा सहावा घात काढून पाहा.) म्हणून हिवाळ्यात जो प्रवाह मुठीएवढा गोटाही हलवत नाही, तोच पुरात माणसाला न उचलणारे धोंडे लोटत नेतो. हे गणित लक्षात ठेवा. सहल केव्हा काढायची, हे त्यावरच ठरते.

सहलीचा दिवस ठरवताना आपण नेहमी आपल्या गावचे आभाळ पाहतो. येथे ते चालणार नाही. ज्या अर्थी येथले पाणी दुसरीकडून येते, त्या अर्थी धोकाही दुसरीकडूनच येणार. 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातच, अँटिलोप कॅन्यन नावाच्या अरुंद घळईत अकरा पर्यटक अचानक आलेल्या लोंढ्यात मृत्युमुखी पडले. घळईपाशी म्हणावा असा पाऊस नव्हताच. तो काही मैल दूर, वरच्या बाजूला पडला होता. अरुंद जागेत पाणी पसरू शकत नाही, म्हणून ते उंच चढते आणि बाहेर पडायला वेळ देत नाही.

कुकडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. निघोजच्या वर याच नदीवर माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. त्यामुळे पाऊस नसतानाही, धरणातून नदीत पाणी सोडले तर पातळी वाढू शकते. तेव्हा पावसाळ्याचे महिने तर सोडाच. परतीचा पाऊस संपून नदी उतरल्यावरही निघण्याच्या आदल्या दिवशी नदीत पाणी सोडले आहे का, हे जलसंपदा विभागाच्या कार्यालयात किंवा निघोजच्या ग्रामस्थांना विचारावे. एका दूरध्वनीचे काम आहे. शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांवर न सोपवता स्वतः करावे, हे बरे.

मग महिना कोणता? पाणी सर्वांत कमी एप्रिल-मेमध्ये असते, पण तेव्हा ऊन असह्य होते. काळा खडक ऊन शोषून घेतो आणि दुपारी तव्यासारखा तापतो. ग्रँड कॅन्यनमध्येही उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चढउतार करू नये असे उद्यानाचे रक्षक बजावतात, कारण तळाशी तापमान 40 अंशांच्या वर जाते. आपल्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. पुण्याहून पहाटे सहाला निघावे, म्हणजे नऊच्या आत कुंडावर पोहोचता येते. सकाळच्या तिरप्या उन्हात खळग्यांच्या कडा आणि आतल्या वळ्या स्पष्ट दिसतात. छायाचित्रेही तेव्हाच चांगली येतात. साडेअकरापर्यंत पाहणी उरकून सावलीत डबे सोडावेत.

कुंडाच्या काठी मळगंगा देवीचे स्थान आहे आणि चैत्रात गावची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत मोजमापासाठी जाण्यात अर्थ नाही. यात्रा पाहायला जरूर जावे.

बरोबर नेण्याच्या वस्तू फार नाहीत. रबरी तळाचे बूट, टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी, वही, भिंग, होकायंत्र, फीत आणि ओळंबा बांधलेली दोरी. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारून घ्या. कोरड्या आणि उथळ खळग्यांचेच माप घ्यायचे: तोंडाचा व्यास, खोली, आणि तळाशी गोटे असल्यास त्यांचा आकार. गोटे पाहून जागच्या जागी ठेवा, ती त्या रांजणाची हत्यारे आहेत. हातोडी घरीच राहू द्या. आणखी एक पाहणी मला मोलाची वाटते: खडकातल्या भेगा कोणत्या दिशेने जातात ते होकायंत्राने टिपा, मग खळग्यांच्या रांगांची दिशा टिपा. दोन्ही जुळतात का?

पाण्याने भरलेल्या खळग्यांपासून मात्र दूर राहायचे. हे सांगण्यामागे नुसता धाक नाही, खळग्याचा आकारच त्याचे कारण आहे. रांजणाचे तोंड लहान आणि पोट मोठे असल्याने भिंत आतल्या बाजूला कललेली असते. ती गोट्यांनी घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली असते आणि वर शेवाळ. पोहता येणाऱ्यालाही तेथे हाताला धरायला काही सापडत नाही. शिवाय काही खळगे आतून एकमेकांत उघडतात, त्यामुळे वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला खाली ओढ असू शकते. काठावर उभे राहून आत वाकू नये, ओल्या खडकावर पाय ठेवू नये, पाण्यात उतरू नये. दहा विद्यार्थ्यांमागे एक मोठे माणूस असेल तरच सहल काढावी. नदीवर पादचारी पूल आहे. संपूर्ण घळईचे दृश्य तेथूनच चांगले दिसते.

परतीच्या प्रवासात करायला एक गणित देतो. समजा, एखादा खळगा तीन मीटर खोल आहे आणि तळ वर्षाला एक दशांश मिलिमीटर झिजतो. (हा दर मी मानलेला आहे, मोजलेला नव्हे.) तर तो किती वर्षांचा? उत्तर येईल तीस हजार. खडक 6 कोटी 60 लाख वर्षांचा, खळगा त्यापुढे कालचा पोर. ग्रँड कॅन्यनमध्येही तळाचे सर्वांत जुने खडक सुमारे 180 कोटी वर्षांचे, पण घळई कोरण्याचे बहुतेक काम गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांतले, असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात.

दुसरा प्रश्न मात्र आकडेमोडीने सुटणारा नाही. कोलोरॅडोवर ग्रँड कॅन्यनच्या वर ग्लेन कॅन्यन धरण झाले आणि 1963 पासून तेथे पाणी अडू लागले. तेव्हापासून एके काळी गाळाने लाल दिसणारी नदी धरणाखाली स्वच्छ आणि थंड वाहते. वाळू वर जलाशयातच राहते. कुकडीवरही धरणे झाली. मग निघोजच्या रांजणांत गरगर फिरणारी वाळू आणि गोटे आता येतात कोठून, पूर्वीइतकेच येतात का, आणि धरणाखालचे ओढे त्यातली किती भर घालतात? शिरूर-निघोज रस्त्याने जाताना ओढ्यांच्या पात्रांत काय पडले आहे ते पाहत चला, आणि खळग्याच्या तळाशी दिसलेल्या गोट्यांशी ताडून पाहा.