सैनिकाच्या पेन्शनचे अपील : निर्णय कसा होतो?

आपल्या समाजाचे आणि सैन्याचे नाते जुने आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली, आणि आज आपल्या अनेक वस्त्यांत माजी सैनिकाचे एखादे तरी घर असते. दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. परंतु शेजारच्या माजी सैनिकाच्या ट्रंकेत कोणता कागद पडून आहे, याची चौकशी मात्र आपण करीत नाही.

आम्ही बँकेत खिडकीवर काम करतो. एक माजी सैनिक दरमहा निराधार योजनेचे पैसे काढण्यासाठी स्लिप भरून घ्यायला येत. एके दिवशी त्यांनी पिशवीतून एक इंग्रजी पत्र काढून दाखविले. फिट येऊ लागल्याने त्यांना सैन्यातून घरी पाठविण्यात आले होते, आणि 'आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही' एवढ्या एका ओळीवर अपंगत्व पेन्शन नाकारण्यात आली होती. अपील करता येईल, असे त्याच पत्राच्या शेवटी लिहिले होते. पत्र पंधरा वर्षांपूर्वीचे होते. घरात ते कोणी वाचलेच नव्हते. त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती जमवू लागलो.

तथागतांनी दुःख सांगितले तसे दुःखाचे कारणही शोधायला सांगितले. अपंगत्व पेन्शनचा सारा वादही कारणाचाच आहे. आजार किंवा दुखापत सेवेमुळे झाली काय, किंवा आधीचा आजार सेवेमुळे बळावला काय, हा पहिला प्रश्न. अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून अधिक आहे काय, हा दुसरा. सेवेतून बाहेर पडताना मेडिकल बोर्ड यावर मत देते आणि त्या आधारे दावा मंजूर किंवा नामंजूर होतो. नामंजूर झाल्यास सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करायचे. तेही फेटाळले गेल्यास पुन्हा सहा महिन्यांत वरिष्ठ समितीकडे दुसरे अपील करायचे. ही दोन्ही अपिले सेनेच्या अंतर्गत समित्या ऐकतात.

त्यानंतरची पायरी म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यान्वये ते स्थापन झाले व २००९ पासून काम करू लागले. महाराष्ट्र व गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. तेथे एक न्यायिक सदस्य व एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी असे दोघे बसून निर्णय देतात. वकील न लावता स्वतः उभे राहण्याचीही कायद्यात मुभा आहे.

हे न्यायाधिकरण काय पाहते? ते अर्जदाराची गरिबी पाहत नाही, कागद पाहते. याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग यांच्या प्रकरणातील निकाल प्रत्येकाने लक्षात ठेवावा. धरमवीर सिंग १९८५ साली शिपाई म्हणून भरती झाले आणि १९९४ साली फिटच्या आजारामुळे, २० टक्के अपंगत्व ठरवून, त्यांना घरी पाठविण्यात आले. पेन्शन नाकारली गेली. न्यायालयाने १९८२ च्या नियमांवर बोट ठेवून सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता व आजार सेवेत झाला असे गृहीत धरले पाहिजे. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही, सरकारवर आहे. शिवाय मेडिकल बोर्डाने आपल्या मताची कारणे लिहिली पाहिजेत. म्हणजे नुसती एक ओळ पुरेशी नाही.

मात्र प्रत्येक अपील जिंकले जातेच, असे समजू नये. २०११ साली जुझार सिंग यांच्या प्रकरणात रजेवर असताना रस्त्यावरील अपघातात झालेली दुखापत सेवेमुळे झाली असे न्यायालयाने मानले नाही. दुखापतीचा कामाशी संबंध दाखवावाच लागतो. तसेच २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले असल्याने त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनी ते वेगळे समजून घ्यावेत.

आता रकमेचा हिशोब पाहू. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो. वेतन ४०,००० रुपये धरल्यास तो १२,००० रुपये होतो, आणि २० टक्के अपंगत्वाला २,४०० रुपये. परंतु २० टक्क्यांहून कमी नसलेले व ५० टक्क्यांच्या आतील अपंगत्व ५० टक्के धरण्याची तरतूद आहे. त्यामुळे हेच २,४०० रुपये ६,००० रुपये होतात. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली राम अवतार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले.

जवानाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या पेन्शनमध्येही कारणच निर्णायक ठरते. मृत्यूचा सेवेशी संबंध नसेल तर साधारण कुटुंब पेन्शन, म्हणजे वेतनाच्या ३० टक्के. सेवेमुळे मृत्यू आल्यास विशेष कुटुंब पेन्शन, ६० टक्के. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आल्यास वेतनाइतकी पूर्ण पेन्शन. मृत्यू कोणत्या वर्गात नोंदविला गेला, हे भगिनींनी कागद वाचून घेऊन तपासावे.

मुदत टळली तर काय? न्यायाधिकरणात सहा महिन्यांची मुदत आहे, पण सबळ कारण दिल्यास उशीर माफ होऊ शकतो. पेन्शन न मिळणे हा दरमहा चालू राहणारा अन्याय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंग यांच्या प्रकरणात मानले. मात्र थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. याचा अर्थ, पंधरा वर्षे थांबलेल्याची बारा वर्षांची रक्कम बुडते. पत्र ट्रंकेत ठेवण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये महिलांना व अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या आपल्या बांधवांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय येथे प्रथम जावे. सोबत डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद आणि नामंजुरीचे पत्र न्यावे. बोर्डाचे कागद नसतील तर माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा.

विद्यार्थी मित्रांनो, बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते केवळ नोकरीसाठी नव्हे. आपल्या वस्तीतील माजी सैनिकाच्या घरी एक रविवार जा, त्यांचे कागद त्यांना वाचून दाखवा, तारखा वहीत टिपून द्या. आमच्या खिडकीवर येणाऱ्या त्या गृहस्थांचा अर्ज आता मुंबईच्या खंडपीठापुढे आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण पंधरा वर्षांपूर्वी शेजारच्या कॉलेजातल्या एखाद्या मुलाने ते पत्र वाचून दाखविले असते, तर हा अर्ज केव्हाच झाला असता.

जय भीम!