म्हणे, मराठी लेखकाने एका वेळी एकच मालिका लिहावी

स्वतःची पुस्तकं स्वतःच काढणाऱ्या लेखकांच्या पुण्यातल्या बैठकींत एक वाक्य हमखास कानावर येतं: 'दोन-तीन कथामालिका एकदम चालवणं हे अमेरिकेतल्या ई-बुकवाल्यांचं खूळ आहे. मराठीत असलं काही नव्हतं आणि चालणारही नाही.' बोलणारा ठासून बोलतो, ऐकणारे माना डोलावतात. आणि हे चालतं कुठे, तर हरिभाऊ आपट्यांच्या पुण्यात!

हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं. लेखक तेच, संपादक तेच. 'आजकालच्या गोष्टी' या मालिकेतली 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः येत होती, त्याच सुमारास 'म्हैसूरचा वाघ' ही ऐतिहासिक कादंबरीही सुरू होती. पुढे 'उषःकाल'पासून शिवकाळावरच्या कादंबऱ्या आल्या. सामाजिक एक, ऐतिहासिक एक, असे दोन्ही फड त्यांनी वर्षानुवर्षं राखले, तेही आनंदाश्रमाचा कारभार आणि नगरपालिकेचं काम सांभाळून. याची किंमत त्यांनी मोजली, हेही खरं. 'गणपतराव' अपुरीच राहिली, 'कर्मयोग'ही. पण एकच मालिका लिहिली असती तर सगळं पुरं झालं असतं, असं कशावरून?

हे फार जुनं वाटत असेल तर पुढे या. मुंबईत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय असे त्यांचे नायक वेगवेगळे होते आणि प्रत्येकाचा वाचकवर्गही. पुण्यात सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद अशा चार नायकांच्या चार मालिका लिहिल्या आणि 'दुनियादारी'सारखी स्वतंत्र कादंबरीही दिली. नारायण धारपांच्या 'समर्थां'ना आजही नवे वाचक मिळतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर आपल्या शेजारच्या फुरसुंगीचा. त्याच भागवतांनी बिपीन बुकलवार आणि नंदू नवाथेही उभे केले. परदेशी खूळ म्हणायचं असेल तर आधी एवढी नावं खोडून दाखवा.

मात्र या गैरसमजाची दुसरी बाजू मला जास्त घातक वाटते. 'मालिका चालतात' हे एकदा पटलं की नवा लेखक वही उघडतो आणि पाच भागांची महागाथा आखतो: पहिल्या भागात खून, पाचव्यात उलगडा. वर नोंदवलेल्या मंडळींपैकी अर्नाळकर, शिरवळकर, धारप, भागवत यांनी बहुतांशी असं केलंच नाही. नायक तोच, त्याचा स्वभाव, सोबती, बोलण्याची ढब तीच; गोष्ट मात्र त्याच पुस्तकात संपणारी. वाचनालयात कपाटातून जे पुस्तक हाती लागेल ते घरी न्यायचं, हा तेव्हाचा रिवाज. सातवं आधी मिळालं आणि दुसरं नंतर, तरी काही बिघडत नसे. आज वाचनालयाची जागा मोबाइलने घेतली, तरी वाचक मधल्याच भागापासून सुरुवात करतो.

सलग कथानकात पहिला भाग न वाचलेला माणूस दुसरा विकत घेत नाही, त्यामुळे पुढच्या प्रत्येक भागाचं गिऱ्हाईक आधीच्यापेक्षा कमीच. डीटीपी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि छपाईचा खर्च मात्र भागागणिक तोच. वितरकाचं कमिशन वेगळं. मग पलंगाखाली दुसऱ्या भागाचे गठ्ठे राहतात आणि तिसरा भाग डोक्यातच राहतो. आपट्यांच्या हाती दर आठवड्याला वाचकाकडे जाणारं साप्ताहिक होतं, म्हणून त्यांना लांबण परवडली. तुमच्या हाती तसं काही नसेल तर स्वतंत्र गोष्टींची मालिका आखा. अशा दोन किंवा तीन एकाच वेळी खुशाल चालवा, फक्त प्रत्येकीची नोंदवही वेगळी ठेवा: पात्रांची वयं, नाती, गावं, कोण कधी मेलं. मेलेला काका चौथ्या पुस्तकात चहा पिताना दिसला की वाचक पत्र लिहितोच.

उरलेले गैरसमज झटपट.

'मालिकेचं नाव कॉपीराइट करून घ्या.' होत नाही. नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने कृषिका लुल्ला विरुद्ध श्याम विठ्ठलराव देवकट्टा या खटल्यात २०१५ साली स्पष्ट केलं आहे.

'नोंदणी केली नाही तर हक्क जातो.' जात नाही. लिहिताक्षणी हक्क निर्माण होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

'पहिला भाग प्रकाशकाला दिला की सगळं कायमचं गेलं.' कराराचा कागद वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क दिल्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. पुढच्या भागांबद्दल काही कलम घातलेलं असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

'स्वतः काढलेलं पुस्तक कुठे जमा करावं लागत नाही.' लागतं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत द्यायची असते, आणि इथे प्रकाशक तुम्हीच असता.

'आयएसबीएन विकत घ्यावा लागतो आणि एका मालिकेला एकच पुरतो.' दोन्ही चूक. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. प्रत्येक भागाला वेगळा क्रमांक लागतो आणि छापील पुस्तकाचा क्रमांक ई-बुकला चालत नाही. तीन मालिकांचे पहिले भाग दोन्ही रूपांत काढायचे असतील तर सहा क्रमांक मागा. अर्ज ऑनलाइन होतो, आणि त्याला कुणा दलालाची गरज नाही.